‘विपुल’ ह्या संज्ञेचा इतिहास : संख्या आणि मूलद्रव्ये

एकच शब्द दोन शास्त्रांत रूढ झाला, म्हणजे त्यामागे एकच कल्पना असली पाहिजे असे वाटणे स्वाभाविक आहे. गणितात काही संख्यांना ‘विपुल’ म्हणतात; रसायनशास्त्रात आणि खगोलशास्त्रात ‘मूलद्रव्यांची विपुलता’ हा एक स्वतंत्र अभ्यासविषय आहे. ह्या दोहोंत काही नाते आहे काय, हा प्रश्न पदव्युत्तर वर्गात कोणी ना कोणी विचारतोच. प्रश्न वरवर पोरकट वाटला, तरी तो झटकून टाकण्यासारखा नाही. त्याचे थेट उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते लेखाच्या उत्तरार्धात आकड्यांनिशी दिले आहे. पण ह्या दोन संज्ञांचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून पाहिला, तर एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. कशाला विपुल म्हणावयाचे हे ठरविण्यासाठी जे माप लागते, ते दोन्ही ठिकाणी आरंभी जवळपासच्या वस्तूंवरून गृहीत धरले गेले. आणि ते माप चुकीचे आहे हे मान्य करावयास दोन्ही ठिकाणी विलंब लागला. प्रस्तुत लेखात ह्या मापाचाच इतिहास सांगावयाचा आहे.

प्रथम संख्यांकडे वळू. एखाद्या संख्येचे स्वतः ती संख्या सोडून बाकीचे सर्व भाजक घेऊन त्यांची बेरीज केली, तर ती मूळ संख्येहून कमी, तिच्याइतकी अथवा तिच्याहून अधिक येते. ८ चे असे भाजक १, २, ४; त्यांची बेरीज ७, म्हणून ८ ही न्यून संख्या. ६ चे भाजक १, २, ३. बेरीज ६, म्हणून ती परिपूर्ण. १२ चे भाजक १, २, ३, ४, ६. त्यांची बेरीज १६, म्हणून १२ ही विपुल संख्या होय. परिपूर्ण संख्या बनविण्याची रीत युक्लिडने आपल्या ग्रंथाच्या नवव्या खंडाच्या अखेरीस सिद्ध करून ठेविली होती. पण तिन्ही वर्गांची व्यवस्थित मांडणी प्रथम आढळते ती गेरासा येथील निकोमाकस ह्याच्या अंकगणितविषयक ग्रंथात, म्हणजे इ. स. १०० च्या सुमारास. गेरासा म्हणजे आजच्या जॉर्डनमधील जेराश.

निकोमाकसने विपुल संख्येसाठी जो ग्रीक शब्द योजिला, तो ‘हायपरटेलीस’. ‘टेलिओस’ म्हणजे परिपूर्ण, आपल्या इष्ट अंतास पोहोचलेला. आणि ‘हायपरटेलीस’ म्हणजे तो अंत ओलांडून पलीकडे गेलेला. शब्दातच निवाडा आहे. ही संख्या समृद्ध नव्हे, तर मर्यादा सोडलेली. निकोमाकसने दिलेल्या उपमा तर ह्याहून बोलक्या आहेत. विपुल संख्या त्याला वाजवीपेक्षा अधिक अवयव असलेल्या प्राण्यासारखी वाटते : अनेक तोंडांचा, दातांच्या तीन रांगांचा, शंभर हातांचा. न्यून संख्या त्याला एका डोळ्याच्या, एका हाताच्या अथवा जीभ नसलेल्या प्राण्यासारखी वाटते. परिपूर्ण संख्या मात्र ह्या दोहोंच्या मध्ये उभी. आणि ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राशी परिचय असलेल्या वाचकास सुवर्णमध्याची ही कल्पना कोठून आली हे निराळे सांगावयास नको. सद्गुण थोडे आणि दुर्गुण पुष्कळ, तशाच परिपूर्ण संख्या थोड्या आणि इतर पुष्कळ, असा त्याचा युक्तिवाद आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. निकोमाकसने उदाहरणे दिली ती १२ आणि २४ ह्या विपुल संख्यांची, ८ आणि १४ ह्या न्यून संख्यांची, आणि ६, २८, ४९६, ८१२८ ह्या चार परिपूर्ण संख्यांची. एवढ्या सामग्रीवरून त्याने नियम बांधले. एकं, दहं, शतं, सहस्र अशा प्रत्येक स्थानी एकेक परिपूर्ण संख्या असते. त्यांच्या अखेरीस ६ आणि ८ हे अंक आळीपाळीने येतात. दोन्ही नियम पाचव्या-सहाव्या परिपूर्ण संख्येपाशी कोसळतात. पाचवी परिपूर्ण संख्या ३,३५,५०,३३६ ही आठ अंकी आहे आणि तिच्याप्रमाणेच सहावीच्याही अखेरीस ६ च येतो. ह्याहून महत्त्वाचे असे की, ही त्रिविध वर्गवारीच त्याने सम संख्यांच्या प्रकरणात घातली. विषम संख्या विपुल असू शकते ही शक्यता त्याच्या मांडणीत बसतच नाही.

त्याला दोष देणे मात्र सोपे आहे आणि अन्यायाचेही. शंभरपर्यंत बावीस विपुल संख्या आहेत आणि त्या सर्वच्या सर्व सम आहेत. हजाराच्या आत एकच विषम विपुल संख्या सापडते, ती म्हणजे ९४५. तिच्या भाजकांची बेरीज ९७५ होते, म्हणजे केवळ ३० ने अधिक. एवढ्या दूर जाऊन हातांनी भाजक मोजीत बसण्याचे निकोमाकसला कारण नव्हते. शिवाय ९४५ इतकी उशिरा का येते हे सहज समजण्यासारखे आहे. भाजकांच्या बेरजेत स्वतः ती संख्याही मिळविली आणि त्या बेरजेचे मूळ संख्येशी गुणोत्तर घेतले, तर विपुल संख्येसाठी ते २ हून अधिक असावे लागते. संख्येत फक्त ३ चे घात असतील, तर हे गुणोत्तर कधीही दीडच्या वर जात नाही. ३ आणि ५ हे दोनच मूळ अवयव असतील, तर १५/८ च्या वर जात नाही. सारांश, विषम संख्येस विपुल होण्यासाठी किमान तीन निरनिराळे मूळ अवयव लागतात. आणि ९४५ म्हणजे ३ चा घन गुणिले ५ गुणिले ७. सम संख्येचे काम २ ह्या एकट्या अवयवाने अर्धे झालेले असते. २ आणि ३ ह्या दोहोंनीही भाग न जाणारी सर्वात लहान विपुल संख्या ५,३९,१४,११,०२५ ही आहे, ह्यावरून अडचणीचे प्रमाण ध्यानात येईल.

निकोमाकसचा ग्रंथ सहाव्या शतकाच्या आरंभी बोएथियसने लॅटिनमध्ये उतरविला आणि पुढे सुमारे हजार वर्षे युरोपातील विद्यार्थी अंकगणित शिकले ते त्यातूनच. त्याबरोबर तो निवाडाही गेला. सेंट ऑगस्टीनने परमेश्वराने सहा दिवसांत सृष्टी निर्माण केली ह्याचा संबंध ६ च्या परिपूर्णतेशी जोडिला होता, हे सुप्रसिद्ध आहे. आठव्या शतकातील अल्क्विन हा त्याच्याही पुढे गेला. नोहाच्या नौकेत आठ माणसे होती, आणि ८ ही न्यून संख्या आहे. म्हणून त्यांच्यापासून झालेली मानवजातीची दुसरी उत्पत्ती पहिलीइतकी परिपूर्ण नव्हे, असे अनुमान त्याने एका पत्रात काढिले. गणिती व्याख्या नीतीच्या हवाली केली, म्हणजे ती कोठवर वाहवत जाते ह्याचा हा नमुना आहे.

ही परंपरा ज्यांनी केवळ जतन न करिता तपासून पाहिली, ते अरबी भाषेत लिहिणारे गणितज्ञ होत. बगदादेत जन्मलेल्या आणि १०३७ मध्ये निवर्तलेल्या अबू मन्सूर अल्-बगदादी ह्याने ‘अल्-तकमिला’ ह्या आपल्या अंकगणितावरील ग्रंथात ९४५ ही सर्वात लहान विषम विपुल संख्या असल्याचे नमूद केले आहे. युरोपात ह्या गोष्टीचे श्रेय पुष्कळ काळ सतराव्या शतकातील बाशे ह्यास दिले जात असे. नोंद लहान आहे, पण तिचे महत्त्व मोठे आहे. विपुलतेसाठी समत्व आवश्यक नाही हे तिने दाखवून दिले; आणि तेही तत्त्वचर्चेने नव्हे, तर नऊशे पंचेचाळिसापर्यंत चिकाटीने मोजून.

खरा पालट मात्र विसाव्या शतकात झाला. ‘ही संख्या कशी आहे?’ हा प्रश्न मागे पडला आणि ‘अशा संख्या किती आहेत?’ व ‘विपुलता किती वाढू शकते?’ हे प्रश्न पुढे आले. पहिल्या प्रश्नाचे स्थूल उत्तर शाळकरी मुलासही देता येईल. विपुल संख्येची प्रत्येक पट विपुलच असते, आणि ६ च्या पुढच्या सर्व पटी विपुल आहेत. तेव्हा सर्व संख्यांपैकी निदान एक षष्ठांश तरी विपुल असणारच. पण मोठमोठ्या मर्यादांपर्यंत मोजत गेल्यास हे प्रमाण एका निश्चित मूल्यावर स्थिरावते काय? स्थिरावते, हे १९३३ मध्ये हॅरल्ड डॅव्हनपोर्ट ह्यांनी सिद्ध केले. १९३४ मध्ये पॉल एर्डश ह्यांनी निराळी सिद्धता दिली, आणि त्याच वर्षी सर्वदमन चावला ह्यांनीही इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात ह्या विषयावर लेख लिहिला. ते मूल्य नेमके किती हे काढणे फार कठीण ठरले. १९९८ मध्ये देलेग्लीझ ह्यांनी ते ०.२४७४ आणि ०.२४८० ह्यांच्या दरम्यान असल्याचे दाखविले. म्हणजे जवळजवळ दर चार संख्यांत एक संख्या विपुल! निकोमाकसच्या शंभर हातांच्या राक्षसाची ही शिरगणती आहे. जी वस्तू दर चौथ्या घरात सापडते तिला विकृती म्हणता येत नाही. परिपूर्ण संख्यांची घनता मात्र शून्य आहे.

दुसऱ्या प्रश्नाचा मार्ग रामानुजन ह्यांच्याकडून जातो. त्यांचा अतिभाज्य संख्यांवरील दीर्घ लेख १९१५ मध्ये लंडनच्या मॅथेमॅटिकल सोसायटीने प्रसिद्ध केला. त्यात विचार आहे तो भाजकांच्या संख्येचा. भाजकांच्या बेरजेसंबंधीचा भाग युद्धकाळातील अडचणींमुळे त्या वेळी छापला गेला नाही. तो निकोला आणि रोबँ ह्यांच्या संपादनाखाली १९९७ मध्ये प्रकाशात आला. मधल्या काळात, १९४४ मध्ये, अलाओग्लू आणि एर्डश ह्यांनी ह्यातील बराचसा विषय स्वतंत्रपणे पुन्हा उभा केला होता. आणि १९८४ मध्ये रोबँ ह्यांनी एक आश्चर्यकारक प्रमेय मांडले. रीमानचे सुप्रसिद्ध गृहीतक खरे असणे, आणि ५०४० च्या पुढील एकाही संख्येची विपुलता एका विशिष्ट मर्यादेबाहेर न जाणे, ह्या दोन्ही गोष्टी एकच आहेत. ५०४० च्या भाजकांची बेरीज, ती स्वतः धरून, १९,३४४ आहे, म्हणजे तिच्या पावणेचार पटींहून अधिक. ही तीच संख्या, जी प्लेटोने आपल्या ‘नियम’ ह्या संवादात आदर्श नगरातील कुटुंबांसाठी निवडली होती; कारण तिला पुष्कळ भाजक असल्यामुळे जमिनीची आणि करांची वाटणी सोयीची होते. निकोमाकसच्या आधी साडेचारशे वर्षे एका ग्रीक तत्त्वज्ञाने विपुलतेकडे दोष म्हणून न पाहता सोय म्हणून पाहिले होते, हे येथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

आता मूलद्रव्ये. येथे ‘विपुल’ म्हणजे अक्षरशः पुष्कळ. भाजकांचा संबंध नाही. पण पुष्कळ कोठे? हाच मापाचा प्रश्न. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातील मुख्य रसायनज्ञ फ्रँक विगल्सवर्थ क्लार्क ह्यांनी १८८९ मध्ये ह्या विषयावरील आपला पहिला निबंध मांडला. खडकांची शेकडो पृथक्करणे एकत्र करून त्यांनी भूकवचाच्या वरच्या दहा मैलांच्या थराची सरासरी घटना काढली. तीत जवळजवळ निम्मा ऑक्सिजन, चतुर्थांशाहून अधिक सिलिकॉन, मग ॲल्युमिनियम, लोह अशी उतरती श्रेणी लागली. मूलद्रव्यांच्या अणुभारांशी ह्या प्रमाणांचा काही नियमित संबंध दिसतो का, हेही त्यांनी पाहिले. तो त्यांना आढळला नाही. संबंध नव्हता असे नव्हे. पाहिले होते ते स्थळ चुकीचे होते.

भूकवच हे किती फसवे माप आहे ह्याचे उत्तम उदाहरण म्हणजे हेलियम. विश्वात विपुलतेने दुसरे असणारे हे मूलद्रव्य पृथ्वीवर इतके विरळ, की त्याची पहिली चाहूल लागली ती सूर्याच्या वर्णपटात. १८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतातून दिसलेल्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी झान्सेन ह्यांनी गुंटूर येथून सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला, आणि त्याच वर्षी २० ऑक्टोबरला नॉर्मन लॉकियर ह्यांनी इंग्लंडमधून, ग्रहणावाचूनच, तो अभ्यासिला. त्यातील पिवळी रेषा ज्ञात मूलद्रव्यांपैकी कोणाचीच ठरेना. हेलियम पृथ्वीवरील खनिजातून हाती लागण्यास १८९५ साल उजाडले. ते काम रॅम्झे ह्यांनी केले. येथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. लॉकियर ह्यांनी हेलियमचा शोध विजयदुर्गाच्या किल्ल्यावरून लावला, असे आपल्याकडे वारंवार लिहिले जाते. लॉकियर विजयदुर्गास आले होते हे खरे, पण ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. त्याच ग्रहणाचे वेध पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला ह्यांनी जेऊर येथून घेतले. तीस वर्षांच्या अंतरावरील दोन ग्रहणे लोकस्मृतीत एक झाली आहेत. विजयदुर्गाचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. फक्त सन दुरुस्त करावा लागतो.

सूर्याच्या वर्णपटातील रेषांची ओळख पटत गेली तसतसा एक समज दृढ झाला. लोह, कॅल्शियम, सोडियम ह्यांच्या रेषा तेथे ठळक दिसतात. तेव्हा सूर्याची घटना पृथ्वीसारखीच असली पाहिजे. पृथ्वी सूर्याइतकी तप्त केली, तर तिचा वर्णपट बहुधा सूर्यासारखाच दिसेल, असे मत वर्णपटांचे थोर अभ्यासक हेन्री रोलंड ह्यांनी व्यक्त केले होते. आणि प्रिन्स्टन येथील हेन्री नॉरिस रसेल ह्यांनीही १९१४ मध्ये ह्या साम्याचा पुरस्कार केला. रेषा ठळक म्हणजे द्रव्य विपुल, हे त्यामागचे माप.

हे माप मोडण्याचे साधन कलकत्त्यातून आले. १९२० मध्ये मेघनाद साहा ह्यांनी ‘फिलॉसॉफिकल मॅगझीन’मध्ये आयनीभवनाचे समीकरण प्रसिद्ध केले. एखाद्या मूलद्रव्याच्या किती अणूंतून इलेक्ट्रॉन निघून गेला असेल हे तापमान आणि दाब ह्यांवर कसे अवलंबून असते, हे त्यावरून काढता येऊ लागले. अर्थ असा की, रेषेचा ठळकपणा मूलद्रव्याच्या प्रमाणावरच अवलंबून नसतो. ती रेषा उमटविण्याच्या स्थितीत त्याचे किती अणू आहेत, ह्यावर तो मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो. केंब्रिज येथे फाउलर आणि मिल्न ह्यांनी ही पद्धत पुढे नेली, आणि तेथेच शिकलेल्या सिसिलिया पेन ह्या १९२३ मध्ये हार्वर्ड वेधशाळेत दाखल झाल्या. तेथील वर्णपटांच्या काचपट्ट्यांचा प्रचंड संग्रह आणि साहांचे समीकरण ह्यांची गाठ त्यांनी घालून दिली.

निष्कर्ष दोन प्रकारचे निघाले. सिलिकॉन, लोह, मॅग्नेशियम इत्यादींची परस्पर प्रमाणे भूकवचातील प्रमाणांशी बऱ्याच अंशी जुळली. पण हायड्रोजन आणि हेलियम ह्यांचे आकडे भलतेच आले. सूर्यासारख्या ताऱ्याच्या तापमानास हायड्रोजनच्या कोट्यवधी अणूंपैकी एखादाच दृश्य रेषा उमटविण्याच्या अवस्थेत असतो. तरीही त्याच्या रेषा स्पष्ट दिसतात. मग एकंदर हायड्रोजन किती असला पाहिजे? पेन ह्यांच्या गणिताने उत्तर दिले : सिलिकॉनच्या सुमारे दहा लक्ष पट.

हे हस्तलिखित रसेल ह्यांच्याकडे अभिप्रायासाठी गेले. जानेवारी १९२५ मध्ये त्यांनी कळविले की, हायड्रोजन धातूंच्या दहा लक्ष पट असणे हे उघडच अशक्य आहे. पेन पंचवीस वर्षांच्याही नव्हत्या, आणि रसेल ह्यांच्या शब्दाला त्या काळी अमेरिकन खगोलशास्त्रात अंतिम वजन होते. १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात पेन ह्यांनी ती दोन मूल्ये दिली. परंतु ती बहुधा वास्तव नसावीत अशी पुस्ती जोडली, आणि पृथ्वीशी तुलना करताना ती बाजूस ठेविली. आपणच काढलेल्या, आणि बरोबर असलेल्या, निष्कर्षावर आपल्याच हाताने घातलेली ही रेघ शास्त्राच्या इतिहासातील एक क्लेशकारक नोंद आहे.

रसेल ह्यांना केवळ अहंकारी ठरविणे मला योग्य वाटत नाही. नवीन पद्धतीने एकाच वेळी पंधरा गोष्टी जुन्या ज्ञानाशी जुळवून दिल्या आणि दोन विलक्षण निराळ्या दिल्या, तर त्या दोन ठिकाणी पद्धतच फसली असावी, असा संशय कोणत्याही विचारी माणसास येईल. चूक संशय घेण्यात नव्हती. पृथ्वी हे विश्वाचे उचित माप आहे ही गोष्ट सिद्ध झालेली नसून गृहीत धरलेली आहे, ह्याचे विस्मरण झाले, ही चूक होती. १९२९ मध्ये रसेल ह्यांनी स्वतः निराळ्या मार्गाने सूर्याच्या वातावरणाची घटना काढली, तेव्हा तेही त्याच उत्तरावर आले. आणि पेन ह्यांच्या कामाचा त्यांनी त्या लेखात उल्लेखही केला. पण पुढे दीर्घ काळ श्रेय मिळाले ते मुख्यतः रसेल ह्यांना. पेन ह्यांना हार्वर्डमध्ये पूर्ण प्राध्यापकपद मिळावयास १९५६ साल उजाडावे लागले. आत्मचरित्रात त्यांनी ह्या प्रकरणी रसेल ह्यांना नव्हे, तर आपला मुद्दा लावून न धरल्याबद्दल स्वतःला दोष दिला आहे. आजच्या मापनानुसार सूर्याच्या पृष्ठभागावरील द्रव्यात वजनाने सुमारे तीन चतुर्थांश हायड्रोजन आणि जवळजवळ चतुर्थांश हेलियम आहे. बाकीची सर्व मूलद्रव्ये मिळून शेकडा दोनही भरत नाहीत.

क्लार्क ह्यांना न सापडलेला नियम दरम्यानच्या काळात दुसरीकडे सापडला होता. शिकागोच्या विल्यम हार्किन्स ह्यांनी १९१७ मध्ये भूकवच सोडून उल्कापाषाणांची पृथक्करणे हाती घेतली. कारण भूकवचात वितळणे, बुडणे, तरंगणे ह्यांमुळे द्रव्यांची फार निवडानिवड झालेली असते. माप बदलताच चित्र स्पष्ट झाले. उल्कांमधील सर्वात विपुल सातही मूलद्रव्यांचे अणुक्रमांक सम निघाले. सम क्रमांकाचे मूलद्रव्य आपल्या दोन्ही बाजूंच्या विषम शेजाऱ्यांहून विपुल असते, हा नियम इटलीतील ओद्दो ह्यांनी १९१४ मध्ये केलेल्या तशाच निरीक्षणाची आठवण ठेवून ओद्दो-हार्किन्स नियम म्हणून ओळखला जातो. सीरियम (५८) हे लँथेनम (५७) आणि प्रेसिओडिमियम (५९) ह्या दोहोंहून अधिक आढळते. आणि पहिल्या ब्याऐंशी मूलद्रव्यांत ज्यांना एकही स्थिर समस्थानिक नाही अशी दोनच आहेत, टेक्नेशियम (४३) आणि प्रोमेथियम (६१), दोन्ही विषम. ह्याचे कारण अणुकेंद्रात आहे : प्रोटॉन व न्यूट्रॉन जोडीजोडीने राहिले, म्हणजे केंद्रक अधिक दृढ बांधले जाते.

व्हिक्टर गोल्डश्मिट ह्यांनी १९३७ च्या सुमारास उल्का, खडक आणि सूर्य ह्यांची सामग्री एकत्र करून विपुलतेचा जो तक्ता सिद्ध केला, त्यावर मारिया गेपर्ट मेयर ह्यांचे काम उभे आहे. एडवर्ड टेलर ह्यांच्यासह मूलद्रव्यांच्या उत्पत्तीचा विचार करीत असता त्यांच्या ध्यानात आले की, काही ठरावीक संख्यांपाशी विपुलतेचे उंचवटे दिसतात. कथिलाचा अणुक्रमांक ५०. त्याला दहा स्थिर समस्थानिक आहेत, इतके दुसऱ्या कोणासही नाहीत. ५० न्यूट्रॉनांचा स्ट्रॉन्शियम-८८ हा एकूण स्ट्रॉन्शियमचा शेकडा सुमारे ८३ भाग व्यापतो. ८२ न्यूट्रॉनांचा बेरियम-१३८ हा बेरियमचा शेकडा ७२ च्या आसपास. २, ८, २०, २८, ५०, ८२, १२६ ह्या त्या संख्या. त्यांना ‘जादूच्या संख्या’ हे नाव पडले. एल्सासर ह्यांनी १९३० नंतरच्या वर्षांत असे काही सुचविले होते, पण ते मागे पडले होते. मेयर ह्यांचा पहिला लेख १९४८ चा. त्या संख्यांमागील कवचरचनेचा उलगडा १९४९ मध्ये त्यांनी, आणि स्वतंत्रपणे यान्सेन, हाक्सेल व झ्यूस ह्यांनी केला. १९६३ च्या नोबेल पारितोषिकात मेयर आणि यान्सेन ह्यांचा वाटा होता.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. विपुल मूलद्रव्यांमागे संख्या आहेत हे तर सिद्ध झाले. त्या संख्यांचा निकोमाकसच्या वर्गवारीशी काही मेळ बसतो काय? जादूच्या संख्यांपैकी २, ८, ५० आणि ८२ न्यून आहेत; २० आणि १२६ विपुल आहेत; २८ परिपूर्ण आहे. सात संख्यांत तिन्ही वर्ग येऊन गेले. विश्वातील सर्वात विपुल दहा मूलद्रव्ये घेतली, म्हणजे हायड्रोजन, हेलियम, ऑक्सिजन, कार्बन, निऑन, लोह, नायट्रोजन, सिलिकॉन, मॅग्नेशियम आणि गंधक, तर त्यांच्या अणुक्रमांकांपैकी फक्त मॅग्नेशियमचा १२ हा विपुल आहे आणि कार्बनचा ६ हा परिपूर्ण. उरलेले आठही न्यून. निकोमाकसने न्यून म्हणून जी दोन उदाहरणे दिली, ८ आणि १४, ते नेमके ऑक्सिजन आणि सिलिकॉन ह्यांचे अणुक्रमांक आहेत, म्हणजे भूकवचातील दोन सर्वात विपुल मूलद्रव्यांचे! एवढी तपासणी पुरेशी आहे. दोन्हीकडे सम संख्यांचे पारडे जड दिसते हे खरे; पण एका ठिकाणी कारण २ ने भाग जाणे हे आहे, दुसऱ्या ठिकाणी कणांचे जोडीने बांधले जाणे. केंद्रकाला आपल्या कणसंख्येचे भाजक ठाऊक नसतात.

हार्किन्सच्या नियमासही दोन ठळक अपवाद आहेत. पहिला हायड्रोजनचा : क्रमांक १, विषम, आणि तरी सर्वांत विपुल, कारण तो ताऱ्यांत घडलेला नाही, आरंभापासून उरलेला आहे. दुसरा अपवाद बेरिलियम. त्याचा क्रमांक ४, सम. चार प्रोटॉन आणि चार न्यूट्रॉन अशी नीटनेटकी जोडणीही शक्य. पण बेरिलियम-८ हे केंद्रक बनताच निमिषाच्या अत्यल्प अंशात हेलियमच्या दोन केंद्रकांत फुटते, कारण हेलियम त्याच्याहून अधिक दृढ आहे. निसर्गात सापडते ते बेरिलियम-९, आणि तेही विरळ. वस्तुमानांक ८ चे एकही स्थिर केंद्रक नाही. अल्क्विनला हे कळते तर त्याने आणखी एक पत्र लिहिले असते. मग हेलियमच्या पुढे कार्बनपर्यंत तारा पोहोचतो कसा, हा प्रश्न फ्रेड हॉईल ह्यांच्यापुढे होता. विश्वात कार्बन विपुल आहे, तेव्हा कार्बन-१२ च्या केंद्रकात एक विशिष्ट उत्तेजित अवस्था असलीच पाहिजे, असे त्यांनी विपुलतेवरूनच उलट अनुमान केले. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथील प्रयोगशाळेत व्हेलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोध घेतला, तेव्हा ती अवस्था ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या जवळ, हॉईल ह्यांनी सांगितले होते तेथेच सापडली.